दोन काड्यांचा पेंटेन

सातवी पास म्हाताऱ्याला कार्बनला किती हात असतात हे माहीत असायचं काही कारण नाही. पण मला माहीत आहे. चार. हायड्रोजनला एकच. ही माझी हुशारी नव्हे. आमच्या सुनेची, करुणाची, सकाळची बॅच आमच्याच पुढच्या खोलीत भरते आणि माझी खाट त्या खोलीच्या दाराशी आहे. मी डोळे मिटून पडलेला असतो, पण कान काही मिटता येत नाहीत, त्याला कोण काय करणार!

आम्ही वाळूजला राहतो. मुलगा अभय कंपनीत शिफ्टला जातो. करुणा केमिस्ट्रीची एम.एस्सी., वर बी.एड. सकाळी घरची बॅच, मग शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच नोकरी. कॉलेजला सुट्टी लागली की नोकरीलाही सुट्टी. तिथून संध्याकाळी एका क्लासमध्ये. हे असं कैक वर्षं चाललेलं. अंधार पडायच्या सुमारास स्कूटी अंगणात लागते, पण ती लगेच आत येत नाही. हेल्मेट काढून आरशाला अडकवते आणि गाडीवर तशीच बसून राहते. मुक्ताबाई, म्हणजे माझी मंडळी, खिडकीतून बघते आणि चहाचं आधण ठेवते, पण हाक मारत नाही. आधी मारायची. एकदा करुणा म्हणाली, "आत्या, घडीभर कुणी बोलू नका माझ्याशी. दिवसभर मीच बोलते." तेव्हापासून मुक्ताबाईनं तोंडाला कुलूप लावलं. मला मात्र आत येऊन म्हणते, "कार्बनला म्हणं चार हात. आमच्या सुनंला आठ लागतेत, अन् दिलेत दोनच."

आता तिचा धडा तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी तो इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणेन. कार्बन एकमेकांचे हात धरून उभे राहतात. तिघांपर्यंत उभं राहायची एकच तऱ्हा. चौघं झाले की दोन तऱ्हा: चौघं एका ओळीत, नाहीतर तिघं ओळीत आणि चौथा मधल्याचा हात धरून बाजूला. जे हात उरतात ते हायड्रोजननं धरायचे. माणसं तेवढीच, पण घराची मांडणी निराळी. एकाला म्हणायचं ब्युटेन, दुसऱ्याला आयसोब्युटेन. अशांना आयसोमर म्हणतात. पाच कार्बन झाले, म्हणजे पेंटेन आला, की तीन तऱ्हा. आणि यातला एखादा हायड्रोजन काढून घेतला की एक हात रिकामा पडतो. तो रॅडिकल. मात्र हात टोकाच्याचा रिकामा झाला का मधल्याचा, त्यावर त्याचं नाव ठरतं.

हे सगळं मी एकदा गावी गेलो तेव्हा पारावर साहेबरावाला समजावून सांगितलं. साहेबराव माझा शाळूसोबती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "चार भाऊ एका ओळीत हात धरून हुभे? गंगापूर तालुक्यात कुठं बघितलं रे तू?"

मला ऐकायला मजा येते. सांगणारीचं तसं नव्हतं. तेच वाक्य, तिथंच थांबणं, त्याच जागेवर तोच विनोद आणि पोरांचं तेच हसणं. एक दिवस ती फळ्यासमोर खडू धरून उभीच राहिली. पोरं खाली माना घालून लिहीत होती. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "मामा, ब्युटेनचं सांगितलं का मी? का सांगायचंय?"

मी म्हटलं, "सांगितलं बाई. विनोद तेवढा राहिला."

तर मागच्या जूनमध्ये गंगापूरकडच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीची कायमची जागा निघाली. कायमची म्हणजे एकच कॉलेज, एकच हजेरीपट आणि संध्याकाळी घरी. करुणाचं वय अटीच्या काठाला आलेलं. या खेपेला नाही झालं तर पुन्हा अर्जच करता येणार नव्हता. लोक म्हणत होते, जागा आधीच कुणाला तरी द्यायची ठरलेली असणार. ती म्हणाली, "जाऊन येते. नाही झालं तर आहे हे चालूच राहील." पण 'चालूच राहील' म्हणताना तिचा आवाज इतका खाली गेला की मुक्ताबाईनं लाटणं थांबवून तिच्याकडं बघितलं.

निवडीच्या दिवशी वर्गात शिकवून दाखवायचं होतं. विषय त्यांनीच दिला: साध्या अल्केनचे आयसोमर आणि त्यांचे रॅडिकल. मी म्हटलं, घरचाच विषय! तिला मात्र एक काळजी होती. वहीत ओळ संपली की पोरं शेवटचा कार्बन खालच्या बाजूला काढतात आणि म्हणतात, मॅडम, नवा आयसोमर सापडला. ओळ वाकली म्हणून काही नवा होत नाही, पण कागदावर ते पटत नाही. हातात धरून वळवून दाखवावं लागतं. तसले प्लॅस्टिकचे गोळे कॉलेजच्या कपाटात होते. तासिकेवरच्या माणसाकडं कपाटाची किल्ली नसते.

त्याच आठवड्यात तिचे वडील कडुबा फुलंब्रीकडून लेकीसाठी आंबे घेऊन आले होते. कडुबा माझे इवाई. हा माणूस ज्वारीच्या धाटाच्या बैलगाड्या करण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. धाटाचं चिवट साल चिरून काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या हलक्या भेंडाचे तुकडे कापायचे आणि काड्या खुपसून जोडायचे. आम्ही सगळ्यांनीच लहानपणी केल्यात, पण आमच्या गाड्या दुपारपर्यंत टिकायच्या. कडुबाच्या गाडीवर एकदा गोऱ्ह्यानं पाय दिला, तर गाडी जागच्या जागी आणि गोऱ्हा दोन दिवस लंगडला. हे कडुबाच सांगतात, पण मी खोटं का म्हणू, लेक घरात आहे त्यांची.

करुणाची काळजी ऐकून ते म्हणाले, "गोळे अन् काड्याच ना? कडबा हाय का इथं कुठं?"

वाळूजमध्येसुद्धा गवळ्याकडं कडबा मिळतो. दुसऱ्या दिवशी करुणानं कागदावर तिन्ही पेंटेन काढून दिले. "अण्णा, निळा गोळा कार्बन, पांढरा हायड्रोजन. प्रत्येक कार्बनला चार काड्या," असं सांगून ती स्कूटीवर निघून गेली. काळा रंग घरात नव्हता, कपड्याची नीळ होती, म्हणून निळा. दिवसभर आम्ही दोघं अंगणात. मी गोळे निळीत बुडवून वाळत घालायचो, कडुबा जोडायचे. बघितलं तर दोन निळ्या गोळ्यांमध्ये ते दोन-दोन काड्या मारतायत.

"इवाई, कागदावर एकच काढलीय ना तिनं?"

"एका काडीवर गोल फिरतंय ते. पोरगी हातात धरंल अन् लटालटा हालंल. लोकं म्हणतील, कडुबाच्या पोरीला सामान बी धड भेटलं नाय."

"पण चार हात..."

"तुमी नीळ कालवा. गाडीचं काम माझं हाय."

मी नीळ कालवली. माणूस इतक्या जीव लावून काम करत असला की आपण मधी बोलू नये असं वाटतं. संध्याकाळी करुणा आली, टोपलीवरचा टॉवेल उचलून वरूनच बघितलं, "किती छान केलंय अण्णा" म्हणाली आणि पेपर तपासायला बसली. हातात घेऊन बघितलं नाही. त्या दिवशी तिच्या हातात आणखी काही घ्यायची ताकदच नव्हती.

सकाळी जीपनं निघालो. टोपली स्कूटीवर नेण्यासारखी नव्हती, म्हणून तिच्यासोबत आम्ही दोघं. कडुबानं टोपली लेकरू धरल्यासारखी मांडीवर धरली. शेजारी कापसाचं बी घेऊन चाललेली एक बाई होती. तिनं टॉवेलकडं बघून विचारलं, "पिल्लं हायत का बाबा?"

मी म्हटलं, "पेंटेन हाय."

"फवारायचं का पाण्यातून द्यायचं?"

"शिकवायचं हाय."

बाईनं माझ्याकडं असं बघितलं, की पुढं फाट्यापर्यंत मला तोंड उघडता आलं नाही. करुणा खिडकीशी बसून बाहेर बघत होती. ओठ हलत होते. हसली नाही.

कॉलेजच्या वर्गात मागच्या बाकावर तिघं बसले होते. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब, पागोटं बाजूला काढून ठेवलेले आणि डोळे अर्धे मिटलेले, प्राचार्य, आणि शहरातून आलेले विषयतज्ज्ञ. आम्ही व्हरांड्यात खिडकीशी उभे राहिलो. शिपाई आला, "आजोबा, इथं थांबायचं नाय."

कडुबा म्हणाले, "आमी सामानाची माणसं हाव." शिपायानं टोपली आत नेली आणि आम्हाला राहू दिलं.

करुणा शिकवायला लागली. मी कान देऊन ऐकत होतो आणि मला वाईट वाटत होतं. सगळं बरोबर होतं, पण पाण्याच्या टाकीच्या तोटीतून पाणी यावं तसं येत होतं. तोच विनोद आला. पोरं हसली. तात्यासाहेबांचे उरलेले डोळेही मिटले.

मग तिनं सरळ पेंटेन हातात घेतला. "आता हा शेवटचा भाग मी खाली वळवते. बघा, वहीत तुम्ही याला नवा म्हणता. पण हा तोच आहे." आणि तिनं वळवला.

वळेना.

तिनं पुन्हा जोर लावला. काडकन आवाज आला आणि एक तुकडा या हातात, एक त्या हातात. वर्ग खो खो हसला. कडुबानं खिडकीचा गज घट्ट धरला.

करुणानं दोन्ही तुकड्यांकडं बघितलं. कंटाळलेल्या माणसाला कधी कधी घाबरायचाही कंटाळा येतो, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. ती म्हणाली, "पेंटेन होता. आता हा इथिल रॅडिकल, हा प्रोपिल. रॅडिकल शेवटी घेणार होते, त्यांनाच घाई झाली."

हा विनोद मी कधी ऐकलेला नव्हता. पोरं पुन्हा हसली, पण या वेळी तिच्यासोबत.

पहिल्या बाकावरची एक पोरगी हसली नाही. तिचं नाव तनुजा, ते नंतर कळलं. तिनं प्रोपिलचा तुकडा मागून घेतला, उलटसुलट केला, बोटानं मोजलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्या मधल्याला सहा काड्या हायत. कार्बनला चारच हात म्हणल्या होत्या ना तुम्ही?"

विषयतज्ज्ञांनी पेन उघडलं. कडुबा माझ्या कानाशी म्हणाले, "सहा कसे झाले वो?" आता बोलून काय उपयोग होता.

करुणानं तुकडा हातात घेतला, बघितला आणि फळ्याखालच्या ओट्यावर चक्क बसली. तिथं बसायची रीत नाही, डेमोला तर नाहीच.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी आधी उचलून बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही. दोन गोळ्यांत एकच काडी हवी, इथं दोन-दोन आहेत. हा कार्बन नाही. ही बैलगाडी आहे. माझ्या वडलांनी केलीय."

मागून आवाज आला, "आणा इकडं." तात्यासाहेब पूर्ण जागे झाले होते. त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला. "खरंच की. जोड हलू नये म्हणून दोन काड्या. कुठले वडील?"

"फुलंब्रीकडचे."

"तरीच. आमच्याकडं तीन मारतेत."

कडुबा पुटपुटले, "तीन मारल्यावर भेंड फुटत नाय व्हय? खोटं बोलतोय गडी."

करुणा उठली. तिनं केसांतली पिन काढली आणि एका जोडातली एक काडी अलगद बाहेर ओढली. मग टोपली पहिल्या बाकावर ठेवली आणि म्हणाली, "दोन निळ्यांच्या मधली एकेक काडी काढा. दोन काड्यांचं कुटुंबही असतं, ते वळत नाही हेही खरं, पण ते वेगळं घराणं, त्याचा धडा वेगळा. आपल्याला आज एकच काडी हवी." मग काय, पोरींच्या पिना निघाल्या, पोरांची कंपासपेटीतली टोकं निघाली. तुटलेला जोड तिनं स्वतः एका काडीवर बसवला.

आता पेंटेन सापासारखा वळायला लागला. एकानं सरळ धरला, दुसऱ्यानं खाली मुरडला, तिसऱ्यानं पार गुंडाळी केली.

"नवा झाला का?"

"नाय!"

"वहीतली ओळ संपली म्हणून कार्बनला काही कळत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. घसा बसलेलाच होता, पण शब्द तोंडातून निघताना तिला स्वतःला ऐकू येत होते, असं वाटलं.

मग हायड्रोजन काढणं सुरू झालं. सरळ पेंटेनमध्ये टोकाचा काढा, त्याच्या आतला काढा, मधोमधचा काढा, तीन रॅडिकल. फांदी असलेल्यात एक जास्त, चार. आणि तिसरा, ज्यात मधल्या एका कार्बनला चारही बाजूंनी कार्बननीच धरलंय, तो तनुजाच्या हातात होता. ती एक पांढरा गोळा काढायची, बघायची, परत लावायची, दुसरा काढायची.

"मॅडम, कुठूनबी काढला तरी सारखंच दिसतंय."

"मग किती?"

"एकच?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिलाच पटलं. "एकच!"

तेवढ्यात बेल झाली. नावं सांगायची राहिली होती, फळ्याचा अर्धा भाग कोरा होता. करुणानं खडू ठेवला. पोरं मात्र उठली नाहीत. दोघं एका पांढऱ्या गोळ्यावरून भांडत होते, कारण एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या कार्बनला गेला होता.

त्यानंतर बाकीच्या उमेदवारांचे डेमो झाले. त्यांच्याकडं लॅपटॉप होते, भिंतीवर रंगीत रेणू गरगर फिरत होते. आम्ही तिघं व्हरांड्याच्या पायरीवर बसून होतो. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. शेवटी कडुबा टोपलीतल्या काड्यांशी चाळा करत म्हणाले, "माझ्यामुळं गेली का गं जागा?"

"गेली असली तर माझ्यामुळं. तुम्ही दिवसभर बसून केलं, मी उचलूनसुद्धा बघितलं नाही."

"तुला फुरसत कुठं व्हती."

"तेच तर," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. "अण्णा, मला आता वाईटसुद्धा वाटत नाही. तेही नंतर वाटून घेईन."

मला तेव्हा एक गोष्ट आठवली होती, आमच्या गुरुजींची, ते तालुक्याला परीक्षा घ्यायला गेले आणि स्वतःच उत्तर विसरले ती. लई मजेशीर आहे. पण करुणाकडं बघून मी ती गिळली. माझ्या उमरीत मी फार थोड्या गोष्टी गिळल्यात.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा शिपायानं करुणाला आत बोलावलं. आम्ही उभेच राहिलो. मला वाटलं, लगेच बाहेर येईल, नकार द्यायला असा कितीसा वेळ लागतो. पण वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" आम्ही दोघं एकदम.

"घेतलं."

कडुबा मटकन खालीच बसले. मग तिनं सांगितलं. प्राचार्य म्हणाले होते, विषय पुरा झाला नाही. मॉडेलही चुकलं होतं. त्यावर ते विषयतज्ज्ञ म्हणाले, चुकलं होतं आणि त्यांनी ते वर्गासमोर दुरुस्त केलं. आणि बेल झाल्यावर पोरं उठली नाहीत, एवढं लिहून घ्या. तात्यासाहेबांनी फक्त एकच विचारलं, सही कुठं करायची.

मी टाळ्या वाजवायला हात वर केले होते, पण तिनं आधी फोन काढला. संध्याकाळच्या क्लासला लावला. "सर, करुणा बोलतेय. महिनाअखेरपर्यंत बॅच सांभाळते. आज मात्र येणार नाही. नाही सर, आजारी नाही. आज येणार नाही, एवढंच." फोन ठेवला आणि कडुबाकडं पाणी मागितलं. बाटलीभर पाणी तिनं एका दमात संपवलं.

परतीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर ती आमच्या दोघांच्या मधे बसली. गंगापूर मागं पडायच्या आत तिची मान कडुबाच्या खांद्यावर गेली. जीप भरत गेली. माणसं, पिशव्या, एक पत्र्याचा डबा, तोही वाजणारा. एक गडी मोठ्यानं फोनवर कापसाच्या भावावरून भांडत होता. कडुबानं त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा पुढचं सगळं भांडण कुजबुजत भांडला.

वाळूज आलं. ड्रायव्हर ओरडला, "वाळूजवाले, उतरा!"

मी उठायला लागलो. कडुबानं माझा गुडघा दाबला. करुणाचं तोंड किंचित उघडं होतं, हातातली रिकामी बाटली मांडीवर आडवी पडली होती. इतक्या वर्षांत मी तिला दिवसाउजेडी झोपलेलं बघितलं नव्हतं.

"पुढं घ्या," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"पुढं कुठं आजोबा?"

"जिथवर जाती तिथवर."

शहर लागलं, नगर नाका गेला, छावणी गेली. बाबा पेट्रोल पंपाशी जीप थांबली, माणसं उतरली, डबा वाजत गेला. आत आम्ही तिघंच राहिलो. ड्रायव्हर वळून म्हणाला, "आता इथून पुढं जात नाय बाबा गाडी. उतरा."

कडुबा हलले नाहीत. खांदा न हलवता, हळू आवाजात म्हणाले, "उतरतो ना बापू. पण इंजिन तेवढं चालू राहू दे घडीभर. बंद पडलं की जागी व्हईल ती."